यकृताहार : रक्तक्षयचिकित्सेतील स्थान व इतिहास

खाद्य प्राण्यांचे यकृत (बोलीभाषेत कलेजी) हे मांसाहारातील अत्यंत पोषक अन्न होय, असे विधान आहारशास्त्रविषयक लेखनात वारंवार आढळते. हे विधान सरसकट खरेही नाही व खोटेही नाही. यकृताची दूध, अंडी, स्नायुमांस, धान्ये व पालेभाज्या यांच्याशी जी तुलना झाली, ती प्रथम कोणत्याही रासायनिक कोष्टकावरून झालेली नसून रक्तक्षयाने (पांडुरोगाने) पीडित प्राणी व माणसे यांच्यावर झाली. ही तुलना मुख्यत्वे रॉचेस्टर, बॉस्टन आणि मुंबई या तीन ठिकाणी झाली. तिन्ही ठिकाणी यकृत गुणकारी ठरले. परंतु प्रत्येक ठिकाणी त्यातील वेगळा घटक कारणीभूत होता, हे कळण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

प्राचीन उपयोग : रोगनिवारणार्थ यकृत खाण्याची प्रथा पुरातन आहे. ईजिप्तमधील एबर्स पपायरस (इ. स. पू. सु. १५५०) या वैद्यकीय हस्तलिखितात एका नेत्रविकारावर बैलाच्या भाजलेल्या यकृताचा उल्लेख असून तो विकार रातांधळेपणा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीक वैद्यकातही याच विकारावर मधासह यकृत सांगितले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर (रातांधळेपणावर) पिंपळीसह शेळीच्या यकृताचा योग येतो. त्याच तंत्रात रक्तपित्तात फार रक्तस्राव झाला असता शेळीचे कच्चे यकृत पित्तासह खाण्यास सांगितले आहे. पहिल्या उपयोगाचे कारण आता स्पष्ट आहे. यकृत हे अ जीवनसत्त्वाचे शरीरातील प्रमुख कोठार असते व त्या जीवनसत्त्वाच्या अभावी मंद प्रकाशात दिसेनासे होते. दुसरा उपयोग अधिक लक्षवेधी आहे. रक्त गेलेल्या माणसास यकृत द्यावे ही कल्पना यकृत हे रक्ताचे स्थान होय या आयुर्वेदीय उपपत्तीतून आलेली दिसते. उपपत्ती आजच्या अर्थाने टिकली नाही, पण उपाय टिकला. तथापि या परंपरेचा विसाव्या शतकातील संशोधनाशी थेट दुवा जोडता येत नाही. ते संशोधन स्वतंत्रपणे झाले.

व्हिपल यांचे प्रयोग : निरनिराळ्या अन्नांची रक्तनिर्मितीच्या दृष्टीने पद्धतशीर तुलना करण्याचे श्रेय अमेरिकन विकृतिवैज्ञानिक जॉर्ज हॉइट व्हिपल (१८७८–१९७६) यांना आहे. त्यांनी हे काम सॅन फ्रॅन्सिस्को येथे सुरू केले व १९२१ नंतर न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात फ्रीडा रॉबशाइट-रॉबिन्स यांच्या सहकार्याने पुढे नेले. त्यांची पद्धत साधी, परंतु चिकाटीची होती. कुत्र्यांच्या शरीरातून ठराविक अंतराने रक्त काढून त्यांचे हीमोग्लोबिन प्राकृत प्रमाणाच्या सु. एक-तृतीयांशावर दीर्घकाळ स्थिर ठेवले जाई. त्यांना मूळ आहार म्हणून एक विशेष पाव दिला जाई. त्यात गव्हाचे पीठ, बटाट्याचा स्टार्च, डबाबंद सामन मासा इ. पदार्थ असत. या पावावर कुत्रे जगत, पण नवे रक्त फारसे बनत नसे. मग काही दिवस एखादे परीक्ष्य अन्न देऊन त्या काळात जादा किती ग्रॅम हीमोग्लोबिन तयार झाले, हे काढून घेतलेल्या रक्तावरून मोजले जाई.

या मोजणीत यकृताचा क्रमांक सर्वांत वर लागला. त्याखालोखाल मूत्रपिंड व कोंबडीची पेषणी ही अन्ने होती. हृदय व इतर स्नायुमांस मध्यम ठरले. फळांपैकी जरदाळू व पीच यांनी अपेक्षेपेक्षा बराच जास्त परिणाम दाखविला. दूध व दुग्धजन्य पदार्थ जवळजवळ निरुपयोगी ठरले आणि पालेभाज्यांचा परिणाम बेताचाच आढळला. दूध हे ‘पूर्णान्न’ होय या समजुतीला रक्तनिर्मितीच्या बाबतीत तरी या प्रयोगांनी छेद दिला. दुधात लोह नगण्य असते, हे त्याचे कारण. कुत्र्यांना रक्तस्रावाने झालेला रक्तक्षय हा वस्तुतः लोहन्यूनतेचा होता व यकृताने तो भरून निघाला तो प्रामुख्याने त्यातील लोहामुळे. विशेष म्हणजे लोहाची अकार्बनी लवणे व्हिपल यांना आरंभीच्या अल्पकालीन प्रयोगांत निष्प्रभ वाटली होती. दीर्घकालीन रक्तक्षयावरील प्रयोगांत ती चांगलीच परिणामकारक ठरली. पहिला निष्कर्ष तसा निघाला नसता, तर यकृताकडे इतके लक्ष गेले असते की नाही, याची शंकाच आहे.

मारक पांडुरोग : ब्रिटिश वैद्य टॉमस ॲडिसन यांनी १८४९ मध्ये एका असाध्य रक्तक्षयाचे वर्णन केले. जर्मन वैद्य आंटोन बिर्मर यांनी १८७२ मध्ये त्यास ‘वर्धमान मारक पांडुरोग’ असे नाव दिले. हे नाव सार्थ होते. रोग्याची कातडी लिंबाप्रमाणे पिवळसर होई, जीभ गुळगुळीत व वेदनामय होई, हातापायांस मुंग्या येत, चाल अडखळे आणि बहुतेक रोगी निदानानंतर एक ते तीन वर्षांत दगावत. सोमल, प्लीहाछेदन, रक्ताधान असे उपाय योजले जात. त्यांपैकी कशानेही अंतिम परिणाम टळत नसे.

बॉस्टन येथील जॉर्ज रिचर्ड्‌स मायनट (१८८५–१९५०) यांना मारक पांडुरोग्यांच्या आहाराविषयी आधीपासून कुतूहल होते. व्हिपल यांचे निष्कर्ष वाचल्यावर त्यांनी आपल्या काही रोग्यांना यकृत खाण्यास सांगितले आणि विल्यम पॅरी मर्फी (१८९२–१९८७) यांना सोबत घेऊन हा प्रयोग वाढविला. मायनट स्वतः मधुमेही होते. त्यांचा विकार १९२१ मध्ये निश्चित झाला व १९२३ पासून मिळू लागलेल्या इन्शुलिनामुळेच ते हे काम करण्यास जिवंत राहिले. काटेकोर आहाराने आयुष्य वाढते याचा अनुभव असलेल्या वैद्याने आपल्या रोग्यांवरही तितकाच काटेकोर आहार लादला, हे समजण्यासारखे आहे.

मायनट व मर्फी यांनी ४५ रोग्यांवरील निष्कर्ष १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. आहारात रोज १२० ते २४० ग्रॅ. शिजविलेले वासराचे किंवा बैलाचे यकृत, त्याशिवाय तांबडे मांस, भरपूर भाज्या व फळे, थोडे दूध व अंडी आणि मर्यादित स्निग्ध पदार्थ यांचा समावेश होता. उपचारापूर्वी रोग्यांच्या रक्तातील तांबड्या कोशिकांची सरासरी संख्या दर घन मिमी.ला सु. १५ लक्ष होती (प्राकृत संख्या सु. ५० लक्ष), महिन्याभरात ती सु. ३४ लक्षांवर गेली. आहार सुरू केल्यावर आठवड्याच्या आसपास रक्तात जालिकाकोशिकांची (अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अपक्व तांबड्या कोशिकांची) एकाएकी मोठी वाढ दिसे. ही वाढ म्हणजे उपचार लागू पडल्याची पहिली खूण होय. यकृत, मूत्रपिंड वा त्यांचे अर्क यांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी पुढे दोन दशके संशोधकांनी हेच माप वापरले.

उपचार खात्रीचा, पण जाचक होता. मरणोन्मुख, अन्नावरची वासना उडालेल्या माणसाने दररोज पाव किलोग्रॅमच्या आसपास यकृत खावयाचे, आणि तेही जन्मभर. कित्येकांना ते कच्चेच वाटून फळांच्या रसातून द्यावे लागे. त्यामुळे यकृतातील सक्रिय भाग वेगळा काढण्याची निकड होती. हार्व्हर्ड येथील जीवरसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांनी लवकरच पोटात घेण्यायोग्य संहत अर्क तयार केला व १९३० नंतर टोचून देण्याचे अर्कही प्रचारात आले. व्हिपल, मायनट व मर्फी यांना १९३४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या यशातील विसंगती मात्र त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. व्हिपल यांच्या कुत्र्यांना लोह हवे होते. मायनट यांच्या रोग्यांच्या शरीरात लोहाची कमतरता नव्हती. एका रोगावरील तुलनेतून निवडलेले अन्न दुसऱ्याच रोगावर लागू पडले होते.

कॅसल यांचा शोध : बॉस्टनमधीलच विल्यम बॉसवर्थ कॅसल यांनी प्रश्न उलट बाजूने मांडला : निरोगी माणसास यकृत न खाताही हा रोग का होत नाही ? मारक पांडुरोग्यांच्या जठरात अम्ल नसते, हे ज्ञात होते. कॅसल यांनी रोग्यांना प्रथम काही दिवस रोज २०० ग्रॅ. गोमांस दिले, रक्तात काहीच बदल झाला नाही. नंतर निरोगी माणसाने गोमांस खाऊन सु. एक तासाने ते जठरातून परत काढावयाचे व नळीवाटे रोग्याच्या जठरात घालावयाचे, असा क्रम ठेवला. काय दिले जात आहे हे रोग्यास सांगितले जात नसे, हे ओघानेच आले. या मिश्रणाने जालिकाकोशिका वाढल्या. नुसत्या जठररसाने वाढल्या नाहीत. यावरून अन्नातील एक ‘बाह्य घटक’ व जठररसातील एक ‘अंतःस्थ घटक’ एकत्र आल्यासच रक्तनिर्मिती नीट होते, असे अनुमान कॅसल यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले.

मग अंतःस्थ घटक नसलेल्या रोग्यास यकृत कसे चालते आणि स्नायुमांस का चालत नाही ? याचे उत्तर ब१२ जीवनसत्त्वाचा शोध लागल्यावर मिळाले. अंतःस्थ घटकाच्या साहाय्याविना या जीवनसत्त्वाचा सु. एक टक्का भागच आतड्यातून शोषिला जातो. गाईबैलांच्या १०० ग्रॅ. यकृतात ते सु. ६० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे २४० ग्रॅ. यकृतातील सु. १४० मायक्रोग्रॅमपैकी एक-दीड मायक्रोग्रॅम रोग्याच्या रक्तात पोहोचे व दैनंदिन गरज कशीबशी भागे. त्याच प्राण्याच्या १०० ग्रॅ. स्नायुमांसात हे जीवनसत्त्व दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. तेवढाच परिणाम साधण्यास रोग्याला दररोज सु. सात किग्रॅ. मांस खावे लागले असते ! अंडी व दूध यांचा तर या हिशेबात विचारच करावयास नको. यकृताहार हा अशा रीतीने फुटक्या भांड्यात अखंड पाणी ओतत राहण्यासारखा उपाय होता व यकृताखेरीज इतके ‘पाणी’ पुरविणारी अन्ने जवळजवळ नव्हतीच.

मुंबईतील संशोधन : याच सुमारास मुंबईत गरोदर स्त्रियांना होणारा तीव्र रक्तक्षय हे मातामृत्यूचे एक मोठे कारण ठरले होते. रक्तातील तांबड्या कोशिका आकाराने मोठ्या व संख्येने अगदी कमी, असे त्याचे स्वरूप मारक पांडुरोगाशी इतके जुळे की, ‘गर्भिणीचा मारक पांडुरोग’ असेच त्याला म्हणत. ब्रिटिश रक्तविकारतज्ञ लूसी विल्स (१८८८–१९६४) या त्याच्या अभ्यासासाठी १९२८ मध्ये मुंबईस आल्या व परळ येथील हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांतील कामगार स्त्रिया व शहरातील गरीब वस्त्या हे त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र होते. एम. एम. मेहता व एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोग्यांच्या जंतुसंसर्गाबरोबरच आहार व राहणी यांचीही पाहणी होती. जंतू किंवा परजीवी यांचा या रोगाशी नियमित संबंध दिसेना; आहाराचा मात्र दिसला. ज्या घरांत प्रथिने, फळे व भाज्या यांची सर्वाधिक चणचण, तेथेच रोग जास्त होता.

विल्स यांनी मुंबईतील रोगी स्त्रियांच्या आहारासारखाच आहार प्रथम उंदरांना व नंतर माकडांना दिला. उंदरांवरील प्रयोगांत वेगळ्याच एका संसर्गाने गुंतागुंत निर्माण केली. माकडांत मात्र स्त्रियांतल्यासारखाच रक्तक्षय उत्पन्न झाला. तो यकृताने बरा होई, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते हे की, यीस्टचा अर्कही तितकाच उपयोगी पडे. इंग्लंडमध्ये १९०२ पासून मद्यनिर्मितीतील उरलेल्या यीस्टपासून तयार होणारा मार्माइट हा स्वस्त खाद्यपदार्थ विल्स यांनी गरोदर स्त्रियांना दिला आणि १९३१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही दिवसांतच जालिकाकोशिका वाढत, ताप उतरे, भूक परत येई. यकृताचा अर्क त्या काळी महाग होता व गिरणगावातील कुटुंबास तो परवडण्यासारखा नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या पर्यायाचे मोल कळते.

सैद्धांतिक दृष्ट्याही मुंबईतील तुलना निर्णायक ठरली. मारक पांडुरोगावर उत्तम चालणारे शुद्ध यकृतार्क उष्ण कटिबंधातील या रक्तक्षयावर चालत नाहीत, उलट ओबडधोबड, अशुद्ध अर्क चालतात, असे विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले (१९३७). शुद्धीकरणात जे टाकून दिले जात होते, तेच या स्त्रियांना हवे होते ! यकृतात रक्तनिर्मितीस लागणारी निदान दोन वेगळी द्रव्ये असली पाहिजेत, हा निष्कर्ष अटळ झाला. अज्ञात द्रव्यास काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. विल्स यांचा उल्लेख नोबेल मानकऱ्यांच्या तुलनेने फार थोड्या ग्रंथांत आढळतो. कार्याच्या गुणवत्तेशी त्याचे प्रमाण जुळत नाही.

घटकांचे विलगीकरण : अमेरिकेत १९४१ मध्ये मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी पालकाच्या काही टन पानांपासून एक द्रव्य संहत केले आणि पर्ण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक अम्ल असे नाव दिले. लवकरच ते यकृतातूनही मिळाले. मूळ भारतीय असलेले जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने १९४५ मध्ये त्याचे संश्लेषण जाहीर केले. विल्स घटक तो हाच. फॉलिक अम्लाने मारक पांडुरोग्यांचेही रक्त सुधारते असे दिसल्याने प्रथम मोठी आशा निर्माण झाली. परंतु त्यांच्या मेरुरज्जूतील बिघाड थांबत नसे, कधी तो बळावेही. रक्त सुधारले तरी रोगी पांगळा होई.

उरलेले द्रव्य १९४८ मध्ये अमेरिकेत कार्ल फोकर्स व इंग्लंडमध्ये लेस्टर स्मिथ यांच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी तांबड्या स्फटिकांच्या रूपात मिळविले. त्यात कोबाल्ट धातू असतो. ब१२ जीवनसत्त्व म्हणून ते ओळखले जाते व टोचून दिल्यास काही मायक्रोग्रॅम मात्राच पुरेशी होते. त्याची रेणवीय संरचना डॉरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या साहाय्याने १९५६ पर्यंत निश्चित केली. निसर्गात हे जीवनसत्त्व फक्त सूक्ष्मजीव निर्माण करतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील जंतूंनी बनविलेले ब१२ त्यांच्या यकृतात साठते. पुढे ते जंतूंच्या संवर्धनातूनच मोठ्या प्रमाणावर मिळू लागल्याने यकृतार्कांची इंजेक्शने मागे पडली.

इतर अन्नांशी तुलना : घटकांची नावे ठरल्यावर यकृताचे स्थान घटकागणिक बदलते असे दिसते. मेंढीच्या १०० ग्रॅ. कच्च्या यकृतात सु. २० ग्रॅ. प्रथिने व सु. १४० किलोकॅलरी ऊर्जा असते. या बाबतीत ते चरबीविरहित मटणाहून फारसे वेगळे नाही. लोह सु. ७ मिग्रॅ. असते. बाजरीतही ते १०० ग्रॅममागे ६ ते ८ मिग्रॅ. असते, म्हणजे केवळ कोष्टक पाहिल्यास दोन्ही सारखीच. परंतु यकृतातील लोहाचा काही भाग हीमरूपात असल्याने तो सहज शोषिला जातो, तर बाजरीतील फायटेटे लोहाच्या शोषणास अडथळा आणतात. भाकरीबरोबर लिंबू किंवा क जीवनसत्त्वयुक्त भाजी खाल्ल्यास हा अडथळा थोडा कमी होतो. फॉलिक अम्लाच्या बाबतीत यकृताची मक्तेदारी मुळीच नाही. ते मेंढीच्या १०० ग्रॅ. यकृतात सु. २३० मायक्रोग्रॅम, तर पालकात सु. १९० असते, हरभऱ्यासारखी कडधान्येही मागे नाहीत. मात्र फार वेळ उकळल्याने व पाणी टाकून दिल्याने ते नष्ट होते. ब१२ च्या बाबतीत तुलनाच संपते : मेंढीच्या यकृतात ते सु. ९० मायक्रोग्रॅम, अंड्यात सु. एक, दुधात अर्ध्याहून कमी आणि वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ शून्य.

शाकाहारी व अल्प दूध घेणाऱ्या समाजात या शून्याचे परिणाम दिसतात. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब१२ कमी आढळले. त्यांतील बहुतेकांना मारक पांडुरोग नव्हता. आहारातच ते पुरेसे नव्हते. अशा व्यक्तींना पाव किलोग्रॅम यकृताची गरज नसते. त्यांचे जठर अंतःस्थ घटक निर्माण करीत असल्याने अंडी, दूध, दही यांचे पुरेसे प्रमाण किंवा अल्प मात्रेतील गोळी चालते.

अतिसेवनाचे धोके : यकृतातील अ जीवनसत्त्व प्राचीन काळी त्याच्या कीर्तीस कारण झाले, तसेच ते अपायासही कारण होते. मेंढीच्या १०० ग्रॅ. यकृतात ते सु. ७,००० मायक्रोग्रॅम असते. प्रौढाने रोज ३,००० मायक्रोग्रॅमहून जास्त तयार अ जीवनसत्त्व सतत घेऊ नये, असे मानतात. ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात हे प्रमाण याच्या अनेक पट असते. व्हिलेम बारेंट्स यांच्या उत्तर ध्रुवीय सफरीतील खलाशांनी १५९७ मध्ये ते खाल्ले तेव्हा ते आजारी पडले व तिघांची कातडी सोलून निघाली. त्यामागचे कारण कळण्यास मात्र १९४३ साल उजाडले. त्या वर्षी रोडाल व मूर यांनी ते विषारी द्रव्य म्हणजे अ जीवनसत्त्वच असल्याचे दाखविले. यकृतात कोलेस्टेरॉल व प्यूरिने यांचेही प्रमाण बरेच असल्याने संधिवाताच्या एका प्रकारात (गाऊट) ते वर्ज्य करतात.

अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने गर्भात व्यंग निर्माण होण्याचा संभव असल्याने ब्रिटनमध्ये १९९० पासून गरोदर स्त्रियांना यकृत न खाण्याचा सल्ला दिला जातो. त्यानंतर वर्षभरातच प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने गर्भधारणेपूर्वीपासून घेतलेले फॉलिक अम्ल अर्भकाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे बव्हंशी टाळते, असे सिद्ध केले. मुंबईतील गर्भवतींना विल्स यांनी यकृताऐवजी यीस्टच्या अर्कातून जे द्रव्य दिले होते, तेच आता भारतातही गर्भवतींना लोहाबरोबर गोळीच्या रूपाने दिले जाते.